खांद्यावर लोंबणारी होबो पर्स : देखणी किती, कामाची किती

पडद्यावर दिसणारी ही पर्स आत्ताच टेबलावर ठेवली आहे आणि ठेवताक्षणी ती एका बाजूला कलंडली आहे. तिच्यात पुठ्ठा नाही, तळाला कडक पट्टी नाही, कोपरेही नाहीत. हीच पर्स खांद्याला लावली की तिची दोन्ही टोके पट्ट्याबरोबर वर ओढली जातात, मधला भाग आतल्या सामानाच्या वजनाने खाली झुकतो आणि चंद्रकोरीचा आकार आपोआप तयार होतो. एका पट्ट्याच्या, मऊ अंगाच्या अशा पर्सला होबो म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामाच्या शोधात मालगाड्यांमधून अमेरिकाभर फिरणारे मजूर आपले सामान कापडात बांधून काठीला अडकवून नेत असत. हे नाव त्यांच्यावरून आले. आज मोठ्या फॅशनगृहांच्या होबो पर्सची किंमत लाखांच्या घरात गेली आहे. एवढे पैसे मोजून हाती काय येते, हा प्रश्न म्हणूनच गांभीर्याने विचारायला हवा. या पर्सचे देखणेपण आणि तिची गैरसोय ही दोन्ही एकाच गोष्टीतून, म्हणजे तिच्या मऊपणातून आलेली आहेत, आणि तो मऊपणा ज्या कारागिराने नीट सांभाळला त्याचीच पर्स वर्षानुवर्षे वापरता येते, असे माझे मत आहे.

सुरुवात गुच्चीच्या जॅकी या पर्सपासून करावी लागते. गुच्ची हे फ्लॉरेन्सचे घराणे, 1921 मध्ये स्थापन झालेले. तिथे घडलेली आणि 1961 या सालाशी जोडली गेलेली ही अर्धचंद्राकृती पर्स अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन केनेडी यांच्या खांद्यावर इतक्या वेळा छायाचित्रांत दिसली की पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. ही पर्स केवळ स्त्रियांचीच राहिली असेही नाही. 1971 मध्ये इटलीच्या सांता मार्गेरिता लिगुरे या किनाऱ्यावरच्या गावी सुट्टीवर असलेले नाटककार सॅम्युअल बेकेट यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात साध्या अर्ध्या चड्डीतल्या बेकेट यांच्या खांद्याला गुच्चीची होबो सहजपणे लावलेली दिसते. गुच्चीच्या त्या त्या वेळच्या रचनाकारांनी हा आकार पुन्हापुन्हा बाजारात आणला: 1999 मध्ये टॉम फोर्ड यांनी, 2009 मध्ये फ्रिडा जान्निनी यांनी आणि 2020 मध्ये अलेस्सांद्रो मिकेले यांनी ‘जॅकी 1961’ या नावाने.

आता ही पर्स जवळून पाहू. मधोमध धातूची गोल दांड्यासारखी कळ आहे. ती दाबली की पट्टी सुटते, आणि परत बसवताना होणारा टक असा आवाज ऐकूनच कारागिरीची खात्री पटते. काठांवरची शिलाई एकसारखी आहे, कातडे पातळ असूनही लुळे पडत नाही, आणि समोरून पाहिले तर हिच्याइतका नेमका अर्धचंद्र दुसऱ्या कोणत्याही पर्सला साधलेला नाही. मात्र मोजपट्टी लावली की चित्र बदलते. लहान आकाराची जॅकी साधारण 28 सेंटिमीटर रुंद आणि 19 सेंटिमीटर उंच असते, पण तिची जाडी केवळ साडेचार सेंटिमीटर भरते. अर्ध्या लिटरची साधी पाण्याची बाटलीसुद्धा याहून जाड असते. मोबाइल, किल्ल्या, पैशांचे पाकीट, एखादा रुमाल आणि लिपस्टिक एवढ्यावर ती भरते. चष्म्याचे कडक घर घातले तर पोट पुढे येते आणि ज्या आकारासाठी पैसे मोजले तोच बिघडतो. शिवाय वरून चेन नाही. कळेच्या दोन्ही बाजूंना तोंड थोडे उघडे राहते, त्यामुळे सायंकाळी दादरच्या पुलावरून चालताना हात पर्सवरच ठेवावा लागतो. लग्नसमारंभ, नाटक, रात्रीचे जेवण यांसाठी जॅकी अप्रतिम आहे. रोजच्या कामाची पर्स म्हणून ती घेऊ नये.

विचेन्झा हे व्हेनिसपासून फार लांब नसलेले शहर. तिथे 1966 मध्ये मिकेले ताद्देई आणि रेन्झो झेंजारो यांनी बोटेगा वेनेटा सुरू केली. चामड्याच्या पट्ट्या तिरप्या विणून पर्सचे अंग तयार करण्याची त्यांची पद्धत इंत्रेच्चातो या नावाने ओळखली जाते. त्या भागात तयार कपड्यांचा धंदा मोठा होता, हाताशी असलेली शिलाईयंत्रे कापडाची होती, आणि त्यांच्यावर जाड चामडे शिवणे कठीण होते. म्हणून पातळ, मऊ कातडे घेऊन त्याला विणीने बळकटी द्यायची, असा मार्ग निघाल्याचे सांगितले जाते. होबोच्या दृष्टीने हा मार्ग फार मोलाचा ठरला. एकसंध पातळ कातड्यावर वजन पडले की ते एका जागी ताणले जाते आणि तिथे कायमचा फुगवटा येतो. विणलेल्या अंगात मात्र तोच ताण शेजारच्या अनेक पट्ट्या वाटून घेतात. म्हणून या घराण्याचे आधीचे प्रमुख रचनाकार टोमास मायर यांच्या काळात लोकप्रिय झालेली वेनेटा ही विणीची होबो अनेक वर्षांच्या वापरानंतरही थोडी खाली उतरलेली दिसते, पण वेडीवाकडी झालेली सहसा दिसत नाही. तिच्यावर बाहेरून कंपनीचे नाव कुठेही नाही. ‘तुमची स्वतःची आद्याक्षरे पुरेशी आहेत’ हे या घराण्याचे जुने ब्रीद होते, आणि मला ते आजही पटते.

डॅनियल ली 2018 मध्ये बोटेगा वेनेटाचे प्रमुख रचनाकार झाले आणि त्यांच्या काळात ‘जोडी’ (Jodie) या नावाची होबो आली. हिच्या पट्ट्याला मधोमध गाठ मारलेली आहे. दुरून ही गाठ सुंदर दिसते आणि छायाचित्रात तर पर्सची ओळखच ती होते. मात्र पर्समध्ये सामान भरले की ही गाठ खांद्याच्या हाडाजवळ टेकते, आणि पातळ सुती कुडत्यावरून तासाभरात ती जाणवू लागते. हातात किंवा कोपराच्या घडीत धरायची असेल तर जोडीत दोष काढायला फारशी जागा नाही. वेनेटा आणि जोडी यांतून एकच निवडायची झाली तर मी वेनेटाच निवडेन.

या दोन घराण्यांच्या मधल्या काळातही होबोचे एक मोठे पर्व येऊन गेले. टॉम फोर्ड यांनी 2002 च्या सुमारास ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशनगृहासाठी केलेली, शिंगाच्या मुठीची मोंबासा त्या पर्वाची खूण होती. ती मूठ खांद्यावर न टिकता सारखी घसरे, म्हणून तिचा विचार इथे वापराच्या दृष्टीने करत नाही. पुढच्या दशकात ताठ, चौकोनी आणि अगदी लहान पर्सची लाट आली, आणि 2020 नंतर मऊ पर्सना पुन्हा मागणी वाढली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, 2023 मध्ये सुरू झालेल्या जिओ वर्ल्ड प्लाझामध्ये आता गुच्ची आणि लुई व्हिताँ यांच्या पर्स प्रत्यक्ष हातात घेऊन पाहता येतात. त्याचा फायदा जरूर घ्यावा, कारण होबो छायाचित्रावरून कधीच कळत नाही. छायाचित्रात ती कागद भरून फुगवलेली असते.

होबोची खरी परीक्षा खांद्यावर होते. पट्ट्याच्या माथ्यापासून पर्सच्या तोंडापर्यंतचे अंतर वीस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर दंड जाड असलेल्या व्यक्तीला किंवा पूर्ण बाह्यांचा कोट घातलेल्याला ती काखेत नीट बसत नाही. अंतर फार वाढले तर ती चालताना कमरेवर आपटत राहते. साडी नेसणाऱ्या स्त्रीने आणखी एक गोष्ट पाहायला हवी. पदर डाव्या खांद्यावर पिन लावून बसवलेला असतो, आणि त्याच खांद्यावर होबो लावली तर रुंद पट्टा निऱ्या दाबतो, पर्स खाली ओढते आणि त्या ओढीने पिनेजवळ रेशीम फाटते. म्हणून ती उजव्या खांद्यावरच लावावी लागते. ज्यांना उजवा हात मोकळा लागतो त्यांना हे अडचणीचे होते. कमीजवर ओढणी असली की पट्टा घसरतो. आतली बाजू मखमली कातड्याची असेल तर ती पकड धरते, गुळगुळीत असेल तर धरत नाही. दुकानात पट्ट्याची बाहेरची बाजू सगळे पाहतात. आतल्या बाजूवरून एकदा बोट फिरवून पाहावे.

आता पर्सच्या आत डोकावू. चंद्रकोरीचा सर्वांत खोल भाग मधोमध असल्यामुळे प्रत्येक जड वस्तू तिथेच घरंगळत जाते. किल्ल्या, चार्जर, नाणी, कंगवा यांचा तळाशी एकच गुंता होतो, आणि रिक्षावाल्याला सुटे पैसे देताना अर्धा हात आत घालून चाचपडावे लागते. बहुतेक महागड्या होबोंमध्ये मागच्या भिंतीला चेनचा एकच कप्पा असतो. रचनाकार हे जाणूनबुजून करतात, कारण कप्पे वाढले की शिलाया वाढतात, शिलाया वाढल्या की अंग ताठ होते आणि तो झुकणारा आकार मोडतो. बाजारात मिळणारी फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाची, कप्प्यांची आतली पिशवी घातली तर सामान नीट लागते, पण होबो होबो राहत नाही. त्यापेक्षा कापडाचे दोन लहान बटवे वापरावेत, एकात किल्ल्या व सुटे पैसे आणि दुसऱ्यात औषधे व इतर बारीकसारीक वस्तू. अस्तर फिक्या रंगाचे असेल तर आतले लवकर दिसते. काळ्या अस्तरात काळा मोबाइल सापडत नाही.

वजनाचे काय? भारतात 2020 च्या शालेय दप्तर धोरणाने मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवायला सांगितले, आणि ते दप्तर दोन्ही खांद्यांवर वाटलेले असते. नोकरीवर जाणाऱ्या स्त्रीच्या एका खांद्यावरच्या पर्सची चौकशी कोणीच करत नाही. होबो मोठी असली की तिच्यात डबा, बाटली, छत्री, कागदपत्रे असे सारे मावते, आणि मावते म्हणून ते भरले जाते. त्यात जाड चामडे आणि धातूच्या मोठ्या कड्या असतील तर रिकाम्या पर्सचेच वजन किलोभर भरते. खरेदीच्या वेळी रिकामी पर्स दोन बोटांवर उचलून पाहावी. तिथेच जड वाटली तर ती परत ठेवावी.

आपल्याकडची शबनम या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. तीही मऊ, एका पट्ट्याची, आकार नसलेली पिशवी आहे, आणि कवी, कार्यकर्ते, पत्रकार यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. तिचा पट्टा वेगळा जोडलेला नसतो. तीच एक लांब पट्टी खांद्यावरून खाली येऊन पिशवीच्या दोन्ही बाजू आणि तळ होते, त्यामुळे सारे वजन त्या अखंड पट्टीवर पडते. होबोचा पट्टा मात्र दोन टोकांशी कडीने किंवा शिलाईने जोडलेला असतो, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. म्हणून तो सांधा बारकाईने पाहावा. तिथे चामड्याचा दुहेरी थर आहे का, शिलाई चौकटीत फिरवून घातली आहे का, कडी जोडाची आहे की अखंड, यावर पर्सचे आयुष्य ठरते.

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी पावसाळा हे वेगळेच प्रकरण आहे. होबोला लागणारे मऊ, पातळ कातडे पाणी पटकन शोषते आणि त्याचे डाग राहतात. मेंढीच्या कातड्याला तर नखाचा ओरखडाही उमटतो. कपाटात बंद ठेवलेल्या पर्सवर श्रावणापर्यंत पांढरी बुरशी धरते. चामड्यासारख्या दिसणाऱ्या पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या पर्स पावसाला चालतील असे वाटते, पण हवेतल्या दमटपणानेच तो थर हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात कामावर नेण्यासाठी नायलॉनची होबो सर्वांत शहाणपणाची आहे, मग ती प्राडाची असो वा साध्या दुकानातली. चामड्याची पर्स त्या महिन्यांत छापील नसलेला कागद भरून, सुती पिशवीत घालून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवी ठेवावी आणि अधूनमधून पंख्याखाली काढावी. खुंटीला टांगून ठेवू नये. रिकामी असली तरी पट्ट्याच्या सांध्याशी कायमची घडी पडते.

लाखांची पर्स परवडत नसेल, आणि बहुतेकांना ती परवडत नाहीच, तर धारावीतल्या चामड्याच्या दुकानांकडे जरूर वळावे. तिथे निर्यातीचे काम केलेले कारागीर आहेत आणि चांगल्या कातड्याची साधी होबो फार कमी पैशांत मिळते. काठ मात्र पाहून घ्यावेत. कडा दुमडून शिवलेली असेल तर ती टिकते. नुसता रंगाचा थर दिला असेल तर पट्टा जिथे वाकतो तिथे तो तडकतो. हा दोष महागड्या पर्समध्येही आढळतो. बोटेगा वेनेटाने 2022 मध्ये आपल्या पर्सच्या आजीवन देखभालीची हमी देणारे प्रमाणपत्र सुरू केले, ते त्यामुळेच महत्त्वाचे वाटते. वापरलेली होबो घेणाऱ्यांनी सर्वप्रथम तोंड उघडून वास घ्यावा, कारण बुरशीचा वास अस्तरातून सहसा जात नाही. मग आत दोनेक किलो सामान घालून पर्स काही मिनिटे खांद्याला लावून उभे राहावे आणि सांध्याजवळची शिलाई ताणली जाते का ते आरशात पाहावे. कोणताही प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही, आणि जो घेईल त्याच्याकडून ती घेऊ नये.