पुनर्वापराचे पाणी: मेम्ब्रेन शाबूत आहे का?

नमस्कार. प्रक्रिया केलेले सांडपाणी पुन्हा वापरण्यासाठी वाळूचा फिल्टर, अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळणे) आणि आरओ (त्याहूनही घट्ट मेम्ब्रेनमधून दाबाने पाणी ढकलणे) यांपैकी सर्वांत चांगले काय, असे तुम्ही सातत्याने विचारता.

ओळख थोडक्यात उरकतो. वाळूचा फिल्टर तरंगते कण अडवतो, अल्ट्राफिल्ट्रेशन जिवाणू आणि बहुतांश विषाणू रोखते, तर आरओ विरघळलेले क्षारही काढतो.

छिद्रांच्या आकाराचे तक्ते मांडून ‘ज्याची छिद्रे सर्वांत बारीक तेच उत्तम’ असा निकाल देणाऱ्या प्रतिक्रिया मात्र मला मनापासून खटकतात. तक्त्यातला आकडा शाबूत मेम्ब्रेनचा असतो. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या एका मोड्यूलमध्ये, म्हणजे एका नळकांड्यात, मेम्ब्रेनचे हजारो पोकळ तंतू असतात आणि त्यांतला एक जरी तुटला, तरी न गाळलेले पाणी त्या मोकळ्या वाटेने थेट गाळलेल्या पाण्यात मिसळते.

गढूळपणा मोजणारा मीटर हे पकडेल, या भरवशावर राहू नका. एकूण प्रवाहाच्या मानाने ही गळती इतकी अल्प असते की आकडा हलतही नाही, पण रोगजंतूंच्या हिशेबात तेवढीही पुरेशी ठरते.

म्हणूनच दाब उतरण्याची चाचणी घेतात. ओल्या तंतूंच्या एका बाजूला हवा भरून झडपा बंद करतात आणि दाब किती वेगाने उतरतो ते पाहतात. शाबूत छिद्रांतले पाणी पृष्ठताणामुळे जागचे हलत नाही आणि हवेला वाट देत नाही. एका प्रकल्पात तुटलेल्या तंतूतून निघालेली बुडबुड्यांची माळ मी जवळून पाहिली आहे. तंत्रज्ञाने त्या तंतूच्या तोंडात बारीक पिन ठोकून तो कायमचा बंद केला आणि मोड्यूल पुन्हा कामाला लागले.

वाळूच्या फिल्टरलाही हाच निकष लावा. बॅकवॉशनंतर, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुतल्यानंतर, थर पुन्हा बसेपर्यंतचे पाणी वापरात न घेता परत फिरवले जाते की नाही, हे वाळूच्या जाडीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते. आरओमध्ये सांध्यावरचे रबरी कडे सरकले तरी क्षार निसटतात. क्षार वाढले की पाण्याची विद्युत वाहकता वाढते, म्हणून तेथे ती मोजत राहावी लागते.

‘मग सगळीकडे आरओच का नको?’ असे एका प्रेक्षकांनी विचारले आहे. आरओला येणाऱ्या पाण्यापैकी साधारण 15 ते 25 टक्के पाणी क्षारयुक्त होऊन बाहेर पडते आणि समुद्रापासून दूरच्या शहरात त्याची विल्हेवाट लावणे कठीण असते. नामिबियातील विंडहोक शहर 1968 पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरत आले आहे. तेथील आताच्या साखळीत ओझोन, सक्रिय कोळसा आणि अल्ट्राफिल्ट्रेशन एकामागोमाग येतात, आरओ नाही. सिंगापूरच्या न्यूवॉटर या सांडपाणी पुनर्वापर योजनेत मात्र मेम्ब्रेन गाळणीनंतर आरओ आणि शेवटी अतिनील किरणे आहेत.