सांध्यांतला मळ

(दृश्य: नुकतीच पुसलेली फरशी, कॅमेरा सांध्यांच्या जवळ)

टाइल चकचकीत आहे, पण दोन टाइलमधली रेघ काळी ती काळीच. या रेघेत भरलंय ते ग्राउट, म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि थोडा रंग. टाइलवर काचेसारखा लेप असतो, त्यातून पाणी आत जात नाही. ग्राउट मात्र सच्छिद्र, शिवाय टाइलपेक्षा किंचित खोल. मॉपमधून निथळणारं पाणी तिथेच उतरतं. पाणी वाळतं, मळ राहतो.

(दृश्य: बादलीतलं गढूळ पाणी)

दोन खोल्या पुसून झाल्यावर पाण्याचा हा रंग. याच पाण्याने तिसरी खोली पुसायची म्हणजे टाइलवरचा मळ उचलून सांध्यांत भरायचा. साबण सढळ हाताने घातला तर त्याचा चिकट थर मागे उरतो आणि धूळ त्यावर पक्की बसते. म्हणून बादल्या दोन हव्यात: एक साबणाच्या पाण्याची, दुसरी मॉप खळबळून पिळण्यासाठी.

(दृश्य: खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर, उसळणारा फेस)

हा फेस झकास दिसतो, म्हणून तर सगळे दाखवतात. पण सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं खारट पाणी. मळ निघालाच, तर तो ब्रशमुळे. नुसतं व्हिनेगर वारंवार ओतलं तर सिमेंटमधला चुना झिजतो आणि ग्राउट भुसभुशीत होतं. संगमरवरावर तर एका शिंतोड्यानेही निस्तेज डाग पडतो, तो पॉलिशशिवाय जात नाही. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग घालवायला व्हिनेगर चालतं, पण फक्त लेप असलेल्या टाइलवर: 4 लिटर पाण्यात अर्धा कप. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यायचे, म्हणजे ते आम्ल कमी शोषतात, आणि नंतर लगेच धुऊन टाकायचं.

(दृश्य: वाटीत पेस्ट कालवणारे हातमोज्यातले हात)

सांध्यांसाठी ही पेस्ट. अर्धा कप खाण्याचा सोडा, पाव कप 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. लिक्विड ओशटपणा सोडवतं, पेरॉक्साइड डागाचा रंग उडवतं आणि सोड्याचे कण ओरखडे न पाडता घासतात. ग्राउट गडद रंगाचं असेल तर आधी कोपऱ्यात थोडी लावून पाहा, रंग उतरू शकतो.

फरशी आधी कोरडी झाडून घ्या, नाहीतर धुळीचा चिखल होतो. एका वेळी हात पुरेल एवढाच तुकडा घ्या. पेस्ट रेघेत दाबून भरा आणि 10 ते 15 मिनिटं थांबा. घाई इथेच नडते. लावल्या लावल्या घासलं तर नुसती मेहनत होते. पेस्ट वाळू मात्र द्यायची नाही, सोड्याची पांढरी पूड सांध्यात चिकटते. वाळायला लागली तर पाण्याचा फवारा मारा. ब्रश अरुंद, कडक नायलॉनचा. तारेचा ब्रश ग्राउट खरवडतो, त्याचे कण आत अडकतात आणि गंजाचे ठिपके उमटतात.

(दृश्य: ब्रशखाली वर येणारा करडा फेस)

वर आलेला मळ लगेच ओल्या फडक्याने टिपा. मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. उरलेली पेस्ट टाकून द्या. बंद बाटलीत ठेवली तर वायू साठून बाटली फुटू शकते. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये, अमोनियात किंवा या पेस्टमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होऊ शकतो.

(दृश्य: सुकलेली फरशी, सांध्यावर पाण्याचा थेंब)

ओलं ग्राउट गडदच दिसतं, तेव्हा निकाल दुसऱ्या दिवशी पाहा. मग सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. काही मिनिटांत मुरला तर ग्राउट सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रव, लावायची वेळ झाली आहे. एपॉक्सी ग्राउट सिमेंटऐवजी राळेचं असतं, त्यात पाणी मुरत नाही, म्हणून त्याला सीलरची गरज नसते. सुकल्यावरही रेघ काळी दिसली तर पेस्ट पुन्हा एकदा लावा. तरीही फरक पडला नाही, तर डाग खोलवर गेला आहे. तेवढा सांधा खरवडून नवं ग्राउट भरावं लागतं.