शाब्दिक उदाहरण : गणित की इंग्रजी?

(दृश्य : शाळेचा हॉल. फळ्यावर खडूने लिहिलेला विषय. बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुलं.)

“शाळेत इंग्रजीपेक्षा गणिताला अधिक महत्त्व द्यावे.” नाशिकमधल्या एका मराठी शाळेत आज या विषयावर वादविवाद आहे. मुलं सिडको-सातपूरची आहेत, काही दिंडोरी-निफाडकडून एसटीने आलेली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, शेवटी खंडनाला एक.

सुरुवातीची दोन भाषणं पाठ केलेली होती. एकात गणित ही सर्व शास्त्रांची राणी होती, दुसऱ्यात इंग्रजी हे वाघिणीचं दूध. मोठ्यांनी लिहून दिलेलं भाषण लगेच ओळखू येतं. त्यानंतर मात्र मुलं आपापल्या घरातलं बोलू लागली आणि वादाला धार आली.

नववीतल्या एका मुलाने खिशातून शंभराची नोट काढून वर धरली. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याचे आजोबा तिथेच नोकरीला होते. तो म्हणाला, “या नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी आहे. त्यातली एकही वाचता आली नाही तरी काही अडत नाही. आकडा कळला की व्यवहार होतो.” टाळ्या पडल्या. विरोधातल्या मुलीने तीच नोट मागून घेतली. “आकडा काय, कोणीही छापेल,” ती म्हणाली. “पण पुढच्या बाजूला रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी शंभर रुपये द्यायचं वचन दिलंय. ते हिंदीत आहे आणि इंग्रजीत आहे. ते वचन नसेल तर हा नुसता कागद.”

हे उत्तर तिला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. जागेवर सुचलेलं होतं.

(दृश्य : निफाड तालुका. द्राक्षबाग, मांडवाखाली औषधाची टाकी.)

मग उठला निफाडचा मुलगा. घरची द्राक्षबाग. घड लांबावेत, मणी फुगावेत म्हणून जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं औषध देतात, ते पीपीएमच्या हिशोबात. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या टाकीला २ ग्रॅम. फळ्यावर त्याने हा हिशोब करून दाखवला आणि मग दशांश चिन्ह मुद्दाम एक घर सरकवलं. “आता झाले २० ग्रॅम. गेला की नाही हंगाम?” हॉलमधल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यालाही उत्तर मिळालं. माल युरोपला पाठवायचा तर द्राक्षात औषधाचा अंश किती राहिला याचा तपासणी अहवाल लागतो आणि तो इंग्रजीत असतो. त्यावर हा गडी डगमगला नाही. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा आहे. अहवाल कुठल्याही भाषेत येऊ दे, ०.०५ मोठा की ०.०१ मोठा हे ज्याला कळतं त्यालाच तो वाचता येतो, असं त्याचं म्हणणं. यावर विरोधी बाजूकडे बोलण्यासारखं फारसं उरलं नाही.

(दृश्य : देवळाली. रस्ता, जुने बंगले, झाडं.)

गणिताच्या बाजूचं हुकमाचं पान होतं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. नाशिकमध्ये गणितावर बोलायचं आणि कापरेकरांचं नाव घ्यायचं नाही, हे होऊच शकत नाही. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२, तब्बल बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, विद्यापीठातली खुर्ची तर नव्हतीच. तरी त्यांनी शोधलेला आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो : ६१७४.

मुलांनी तो तिथल्या तिथे करून पाहिला, तुम्हीही वही घ्या. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. आता त्याचंच पुन्हा तसंच : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि आले ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोहोचता. हॉलमध्ये वह्यांची पानं फडफडत होती. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “माझंपण आलं!” वजाबाकी ज्यांना कंटाळवाणी वाटते त्याच मुलांचा हा आवाज होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विरोधी बाजूही तयारीने आली होती. कापरेकरांनी ६१७४ वरचा लेख कुठल्या भाषेत लिहिला? इंग्रजीत, १९५५ मध्ये, ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात. पुढे मार्च १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. मुद्दा बिनतोड आहे. इंग्रजी नसती तर कापरेकरांचं काम इतक्या दूर गेलं नसतं.

इथवर वाद रंगला, पण मला ज्यासाठी हा व्हिडिओ करावासा वाटला ते यानंतर घडलं.

(दृश्य : दहावीतली एक मुलगी. हातात गणिताचं पुस्तक.)

ही मुलगी पेठ तालुक्यातली. नाशिकला वसतिगृहात राहते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मी कोणत्याच बाजूने बोलू शकत नाही. आम्ही घरी कोकणा बोलतो, ती आमची आदिवासी बोली. शाळेत आल्यावर मराठी शिकले. आता सेमीला आहे, म्हणून गणित इंग्रजीत. पेपरात मार्क जातात तेव्हा माझं गणित चुकलं की इंग्रजी, ते मलाच कळत नाही.”

सेमी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या पालकांना सांगायला नको. शाळा मराठी माध्यमाची, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आपल्या राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. ते वेगळं, आणि ते योग्यच. सेमीत मात्र गणिताच्या तासाला इंग्रजीचंही ओझं उचलायला लावतात. बऱ्याच शाळांत हुशार मुलांची अ तुकडी सेमीची आणि राहिलेल्यांची ब तुकडी मराठीची. त्यामुळे मुलाला मराठीतून गणित शिकू द्यायचं म्हटलं तरी आईबापांना कमीपणा वाटतो. “सेमीला टाकलंय” हे किती अभिमानाने सांगतात! त्यांचा दोष नाही, लेकराचं भलं व्हावं एवढंच त्यांना हवं असतं.

पण तोटा कुठे होतो ते बघा. त्या मुलीने पुस्तकातल्यासारखंच एक वाक्य फळ्यावर लिहिलं : ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर’. खाली तिने मांडणी केली, ५ वजा २क्ष. चूक. उत्तर हवं २क्ष वजा ५. तिने वाक्य डावीकडून उजवीकडे जसं आलं तसं मांडलं होतं. मग मॅडमनी तेच मराठीत विचारलं : एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी असलेली संख्या लिही. तिने क्षणात लिहिलं, २क्ष वजा ५. म्हणजे दुप्पट कळत होती, वजाबाकी कळत होती, बीजगणितही येत होतं. मार्क मात्र गणिताचे गेले असते, आणि घरी सांगितलं गेलं असतं की पोरगी गणितात कच्ची आहे.

एकदा का हा शिक्का बसला की मूल स्वतःही तेच मानायला लागतं. मग अकरावीला सायन्स नको, आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड नको, जिथे आकडे दिसतील तिथून पळ. एवढं मोठं नुकसान एका ‘लेस दॅन’मुळे व्हावं, याचा मला मनापासून राग येतो.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं संख्यावाचन सुचवलं, तेव्हा घराघरांत त्यावर भांडणं झाली. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारण सांगितलं होतं : बोलायचा आणि लिहायचा क्रम जुळला की लहान मुलांना सोपं जातं. पटो न पटो, क्रमामुळे मूल अडतं हे तेव्हा आपण ऐकून घेतलं. मग बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं अख्खं गणितच परक्या भाषेत नेताना तेवढीच चर्चा का होत नाही?

माझं मत स्पष्ट आहे. गणित मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत पक्कं व्हावं. इंग्रजी इंग्रजीच्या तासाला शिकवावी, आणि ती बोलून, वाचून, चुका करू देऊन शिकवावी. पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी तर मराठीचाही हात धरावा लागतो, तिथे तिसरी भाषा गणितावर लादू नये.

स्पर्धेत गणिताची बाजू जिंकली. कुठल्याही बाजूने न बोललेल्या पेठच्या मुलीला परीक्षकांनी वेगळं बक्षीस दिलं.

जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा तुकडी विचारण्याआधी घरी एक करून पाहा. मुलाला पुस्तकातलं एखादं शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. पेन हातात देऊ नका. उदाहरणात काय दिलंय आणि काय विचारलंय, ते त्याच्या शब्दांत, घरच्या बोलीत सांगू दे. सांगता आलं तर पुढचं गणित त्याला शिकवता येतं. नाही आलं तर शाळेत जाऊन गणिताच्या सरांना हेच विचारा, की तुमच्या तासाला मुलं उदाहरण आधी स्वतःच्या शब्दांत सांगतात का? सर “हो” म्हणाले तर एक तास मागच्या बाकावर बसून पाहायची परवानगी मागा.