इलियनची भट्टी: रेमिंग्टन कारखान्याची दोन शतके

न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक नदीच्या खोऱ्यात, इलियन नावाचे छोटे गाव आहे. घरांच्या छपरांवर उठून दिसणाऱ्या या लाल विटांच्या बहुमजली इमारती म्हणजे रेमिंग्टनचा बंदुकांचा कारखाना. अमेरिकेतील सर्वांत जुनी बंदूक कंपनी अशी तिची ओळख सांगितली जाते. ती ओळख ज्यांनी कमावली, ते लोक याच गावात राहत होते.

सुरुवात गावाबाहेरच्या घळीत झाली. तेथे वाहत्या पाण्याच्या जोरावर चालणारी रेमिंग्टन कुटुंबाची लोहारभट्टी होती. या भट्टीवर १८१६ साली एलिफॅलेट रेमिंग्टन या तरुणाने वडिलांच्या हाताखाली काम करत असताना स्वतःसाठी बंदुकीची एक नळी घडवली. नेमबाजीच्या स्पर्धेत त्या बंदुकीने त्याला दुसरा क्रमांक मिळवून दिला आणि पाहणाऱ्यांनी तशाच नळ्या मागितल्या, ही कथा इलियनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, आसपासच्या शेतकऱ्यांकडून नळ्यांची मागणी वाढत गेली हे खरे.

ती नळी कशी होत असे, ते येथे सावकाश पाहण्यासारखे आहे. लोखंडाची लांब चपटी पट्टी कोळशाच्या भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायची, ऐरणीवर एका बारीक गजाभोवती ती घणाचे घाव घालत वळवायची, आणि तिच्या कडा एकमेकींना भिडल्या की टाकणखार आणि वाळू टाकून पुन्हा भट्टीत धरायची. त्यामुळे लोखंडावरचा मळ वितळून बाहेर पडतो आणि पुढच्या घावांनी जोड एकजीव होतो. एका वेळी काही इंचांचाच जोड साधतो. म्हणून तापवणे, ठोकणे आणि गज काढून पुन्हा घालणे हा क्रम नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू राहतो. मग नळी आतून कोरून सरळ करायची, आणि गोळीला फिरकी मिळावी म्हणून आत सर्पिल खाचा पाडायच्या. जोड कुठे कच्चा राहिला, तर दारूच्या स्फोटाने नळी बंदूक धरणाऱ्याच्या हातातच फुटणार. कारागिराच्या नजरेवर आणि मनगटावर अनोळखी माणसाचा जीव अवलंबून असे, आणि इलियनच्या लोहारांनी ही जबाबदारी पेलली, हे आम्हाला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

एरी कालवा १८२५ साली पूर्ण झाला आणि माल दूरवर नेण्याची वाट मोकळी झाली. रेमिंग्टन यांनी १८२८ साली घळीतली भट्टी सोडून कालव्याकाठी कारखाना उभारला. पुढे १८४०च्या दशकात त्यांनी सरकारी कंत्राटासाठी यंत्रे आणली आणि पोलादाच्या भरीव दांड्याला आरपार भोक पाडून नळी करण्याचे तंत्र बसवले. पट्टी वळवण्याचे आणि जोडाच्या धास्तीचे दिवस तेव्हापासून मागे पडू लागले.

एलिफॅलेट १८६१ साली, यादवी युद्ध पेटलेले असतानाच वारले. कारभार त्यांच्या मुलांकडे गेला आणि युद्धासाठी रिव्हॉल्व्हर व रायफली मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. युद्ध संपताच मागणी आटली. तेव्हा कारखाना सावरला तो जोसेफ रायडर यांनी सिद्ध केलेल्या ‘रोलिंग ब्लॉक’ रायफलीने. हाताच्या अंगठ्याने मागे फिरणारा हा पोलादी ठोकळा नीट पाहावा. घोडा मागे ओढून ठोकळा फिरवला की नळीचे मागचे तोंड उघडते. काडतूस घालून ठोकळा बंद केला आणि चाप ओढला, की पुढे पडणारा घोडाच खालून पाचर बनून त्याला घट्ट अडवून धरतो. इतक्या थोड्या भागांत इतकी मजबुती साधली होती, म्हणूनच डेन्मार्क, स्पेन आणि इजिप्तपर्यंतच्या सैन्यांनी ती विकत घेतली.

याच कारखान्यात शिलाई यंत्रे झाली आणि शोल्स व ग्लिडन यांच्या टंकलेखन यंत्राचे उत्पादनही १८७३ सालच्या करारानंतर येथेच सुरू झाले. महाराष्ट्रात टायपिंगची परीक्षा दिलेल्या अनेकांना रेमिंग्टन हे नाव मराठी कळफलकाच्या मांडणीमुळेच परिचित आहे; मात्र टंकयंत्रांचा व्यवसाय १८८६ सालीच विकला गेला होता आणि पुढे तो वेगळ्या कंपनीच्या हाती वाढला. त्याच सुमारास कर्जात बुडालेली बंदूक कंपनीही कुटुंबाच्या हातून गेली आणि १८८८ साली नव्या मालकांनी ती घेतली.

पहिल्या महायुद्धात इलियनमध्ये ब्रिटनसाठी रायफली तयार झाल्या, तर कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टच्या कारखान्यात रशियासाठी. रशियात क्रांती झाली आणि तो करार बुडाला. कंपनीचा ताबा १९३३ साली ड्युपाँट या रसायन कंपनीकडे गेला. पडद्यावर दिसते आहे ते १९५० सालचे ‘मॉडेल ८७०’. ही शॉटगन एक कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. ‘मॉडेल ७००’ ही रायफल १९६२ साली आली. तिच्या चापाच्या दोषावरून पुढे दीर्घकाळ खटले चालले.

ड्युपाँटने १९९३ साली कंपनी विकली आणि २००७ साली ती सर्बेरस या गुंतवणूक संस्थेकडे गेली. कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत २०१२ साली २० मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले, ते रेमिंग्टन ज्या समूहात होती त्याच समूहाच्या बुशमास्टर ब्रँडच्या रायफलीने. बळी पडलेल्यांच्या नऊ कुटुंबांनी रेमिंग्टनविरुद्ध केलेल्या दाव्यात २०२२ साली ७.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याआधीच, २०१८ आणि २०२० साली, कंपनीने दोनदा दिवाळखोरी जाहीर केली होती.

कामगारांच्या वाट्याला काय आले, ते सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या दिवाळखोरीत इलियनच्या सुमारे सहाशे कामगारांची नोकरी गेली. नव्या मालकांनी २०२१ साली काही जणांना परत बोलावले, पण त्याच वर्षी मुख्यालय जॉर्जियातील लाग्रेंज येथे हलवण्याची घोषणाही केली. मार्च २०२४मध्ये कारखाना बंद झाला, तेव्हा तेथे अडीचशेहून अधिक कामगार होते. नळीला खाचा पाडणारे आणि लाकडी दस्ते बसवणारे हात घडायला इलियनमध्ये अनेक पिढ्या लागल्या होत्या. मालकी बदलण्याच्या कोणत्याही करारात या हातांची किंमत धरली गेली नाही. आता रेमिंग्टनच्या बंदुका लाग्रेंजमध्ये होतात आणि त्याच नावाची काडतुसे आर्कान्सातील लोनोक येथे, दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात.