सबुरी कुणी धरायची?

नमस्कार, श्रोतेहो.

तुमचं राजकीय मत काय, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, मी सुधारणावादी. माणसाला त्याच्या मनासारखं मोकळं जगू द्यावं आणि बदल करायचा तो कायद्याने, समजावून, टप्प्याटप्प्याने करावा, एवढंच माझं म्हणणं. पण ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणताना मला महाडचं चवदार तळं आठवतं, आणि जीभ जरा अडखळते.

ऑगस्ट १९२३. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही ठराव करून तळं खुलं केलं. म्हणजे पहिला टप्पा झाला, दुसराही झाला. तळ्यावर मात्र काहीच हललं नाही. गुरंढोरं पाणी पीत होती, ज्यांच्यासाठी ठराव झाला ती माणसं लांब उभी होती.

तीन वर्षं अशीच गेली. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. यात कायदेभंग कसला? ठराव त्यांच्याच बाजूचा होता. उलट सवर्णांनी सभेला आलेल्यांना मारझोड केली आणि मग पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं!

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. डिसेंबरात बाबासाहेबांनी पुन्हा सत्याग्रह ठरवला. विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो माणसं तयारीने आली होती, भाकरी बांधून. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७मध्ये.

दहा वर्षं! सुधारणावाद्यांना सबुरी शिकवायचा अधिकार कुणाला असेल, तर तो या माणसाला. आपल्यासारख्यांना, ज्यांच्या घरात नळ आहे, त्यांना नव्हे.

आता घरातलंच सांगतो. आमच्या मागच्या पडवीत, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप उपडा असायचा. लाकडं फोडायला येणाऱ्या गड्याचा. त्यानेच तो विसळून पुन्हा उपडा ठेवायचा. वडील गांधीवादी, खादी वापरणारे. मी विचारलं तर म्हणायचे, “होईल रे हळूहळू. आजीला दुखवायचं नाही.” मला ते पटायचं. त्या गड्याला कुणी विचारलं नाही.

एके दिवशी आईने त्याला घरातल्या कपबशीतून चहा दिला. काही बोलली नाही, भाषण नाही, काही नाही. आजीने पाहिलं. दोन दिवस तिने आमच्या घरचा चहा तोंडाला लावला नाही. वडील अस्वस्थ, आई स्वयंपाकात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, “साखर कमी घाल.”