मनमाडची वाट

इंदूरच्या रेल्वेस्थानकाला लागूनच सरवटे बसस्थानक आहे, आणि महाराष्ट्रात जायचे तर या दोहोंपैकी कोणत्या दारातून निघावे, हा प्रश्न इथल्या मराठी घरांत दर सुट्टीत नव्याने निघतो. फलाटावर उभी असलेली ही अवंतिका एक्सप्रेस मुंबईची आहे. मुंबई नैर्ऋत्येला, गाडी मात्र आधी उत्तरेला उज्जैन गाठते, तिथून रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेते, आणि रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर असलेले अंतर रुळांवर ८०० च्या पुढे जाते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतील कितीतरी कुटुंबे म्हणूनच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सेंधव्याचा घाट उतरणे पसंत करतात.

इंदूरहून थेट मनमाडला जाणारा लोहमार्ग व्हावा आणि हा वळसा संपावा, ही मागणी इंदूरच्या माजी खासदार सुमित्रा महाजन यांनी तीन दशके लावून धरली. चिपळूणला जन्मलेल्या आणि लग्नानंतर इंदूरच्या झालेल्या ताई १९८४ मध्ये उपमहापौर झाल्या आणि १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांनी ज्यांना हरवले ते प्रकाशचंद्र सेठी मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री तर होतेच, शिवाय १९८२ मध्ये काही महिने देशाचे रेल्वेमंत्रीही होते. तरीही इंदूर शाखामार्गावरचेच गाव राहिले होते. १९८९ पासून ताई सलग आठ वेळा निवडून आल्या. हिंदी, सिंधी वा गुजराती बोलणारा इंदूरकरही त्यांना ताईच म्हणतो.

ताईंच्या मागणीमागे एक जुना इतिहास आहे, आणि तो पाहायचा तर महूच्या पुढे पाताळपाणीला यावे लागते. धबधब्याच्या काठाने दरीत उतरणारी ही मीटरगेजची वाट होळकर संस्थानाच्या पैशाने झाली. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यातून खंडव्याहून नर्मदा ओलांडून येणारा लोहमार्ग उभा राहिला आणि विंध्याचा घाट चढून तो इंदूरला पोचला. हीच वाट पुढे खंडव्यावरून अकोल्याला जोडली गेल्याने माळव्याला विदर्भाचे दार उघडले. बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून जाताना आज जी गाडी दिसते, ती २०१८ पासून पर्यटकांसाठी चालणारी वारसा रेल्वे आहे; काळाकुंडच्या छोट्याशा फलाटावर पळसाच्या पानांत मिळणारा कलाकंद घेतल्यावाचून तिच्यातून सहसा कोणी परतत नाही. रतलाम ते अकोला हा सारा मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम २००८ मध्ये मंजूर झाले. परंतु या घाटाचा चढ ब्रॉडगेजला मानवणारा नसल्याने महूच्या पुढची आखणीच बदलावी लागली, आणि मेळघाटच्या जंगलातून जाणाऱ्या टप्प्यावर वेगळा वाद झाला.

महूजवळच्या टिहीतील बोगद्याचे हे तोंड मात्र मनमाडच्या वाटेचे नव्हे, दुसऱ्या मार्गाचे, इंदूर–दाहोदचे. त्याची पायाभरणी २००८ मध्ये झाली.

रेल्वेमार्ग भाषणाने मंजूर होत नाही, हे ताईंना चांगले ठाऊक होते. आधी सर्वेक्षण, मग परताव्याचे गणित, मग अर्थसंकल्पासोबतच्या पिंक बुकात, म्हणजे रेल्वेच्या मंजूर कामांच्या यादीत, नाव. नाव आले तरी समोर तरतूद किती, हे पुन्हा पाहावे लागते. डोंगर आणि नद्या ओलांडणाऱ्या मार्गाचे गणित कागदावर नेहमीच तोट्याचे निघते, आणि मनमाडच्या मार्गात तर विंध्य, नर्मदा, सातपुडा आणि तापी असे चौघेही आडवे येतात. २०१४ ते २०१९ या काळात ताई लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्या आसनावरून आपल्या मतदारसंघाचा प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे तो मंत्र्यांच्या बैठकांतून मांडावा लागला. ऑगस्ट २०१८ मध्ये रेल्वे, दोन्ही राज्ये आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांच्यात करार झाला. इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीचा माल थेट बंदराकडे जाईल, या हिशेबाने प्रवाशांच्या मागणीला प्रथमच व्यापाराचे बळ मिळाले, आणि आमच्या मते या प्रकरणातील खरे वळण तेच होते.

२०१९ मध्ये ताईंनी निवडणूक लढवली नाही. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर–मनमाड मार्गाला मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, ३० नवी स्थानके, खर्च १८,०३६ कोटी रुपये. ज्या बडवानी जिल्ह्याने आजवर रेल्वे पाहिली नाही, त्यालाही स्थानके मिळतील. मार्गात ज्यांची शेते जातात त्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्न जिल्हा प्रशासनाकडे आहे. मार्ग पूर्ण करण्यासाठी २०२८–२९ ही मुदत ठरली आहे. प्रत्यक्ष कामात पहिला क्रम लागला तो महाराष्ट्राच्या बाजूचा, धुळ्याजवळच्या बोरविहीर ते नरडाणा या टप्प्याचा.