गाडीचा विमा दरवर्षी भरतो, मग घराचा का नाही?

(दृश्य : ठाणे, घोडबंदर रोड. सोसायटीचं बेसमेंट, पंप, क्रेन)

हे बेसमेंट पार्किंग आहे. मधोमध जो निळा पत्रा वर आलेला दिसतोय तो एका गाडीचा टप आहे, आणि त्याच्या पलीकडे अजून दोन गाड्या उभ्या आहेत, त्या दिसत नाहीयेत कारण त्या पूर्ण पाण्याखाली आहेत. येऊरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी घोडबंदर रोड ओलांडून खाडीकडे जातं, वर्षानुवर्षं असंच जात आलंय, फक्त आता त्याच्या वाटेत टॉवर आहेत आणि टॉवरखाली बेसमेंट, आणि पाणी उतार मिळेल तिकडेच जाणार.

क्रेनवाल्याकडे बघा जरा. बंपरमधलं छोटं झाकण काढून तो आत हात घालतो, टो हुक पिळून बसवतो, मग चेन, मग वरच्याला हात वर करून इशारा. अंदाजाने चालतं सगळं, कारण पाणी गढूळ आहे आणि खाली काहीच दिसत नाही. गाडी रॅम्पवर आली की दार उघडतात आणि सीटखालून पाणी वाहायला लागतं, थांबतच नाही बराच वेळ. ग्लव्ह बॉक्समधून हे प्लास्टिकचं पाकीट निघालं, आत आरसी आणि विम्याची प्रिंट. शाई पसरलीय, पण वर एक ओळ अजून वाचता येते : ओन्ली लायबिलिटी. म्हणजे फक्त थर्ड पार्टी, दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. या गाडीला काही मिळणार नाही.

शेजारच्या गाडीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह होता, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान, दोन्ही. त्यात पूर येतो, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, लागत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीची रक्कम देतात. दोन्ही गाड्या एकाच रांगेत होत्या, एकच पाणी, एकच रात्र.

(दृश्य : कळवा, गॅरेज. इंजिन उघडताना)

आता ही तिसरी गाडी. ही बेसमेंटमधली नाही, ही ठाण्यात वंदना सिनेमाच्या बाजूला पाण्यातून काढायला गेले आणि मध्येच बंद पडली. दरवर्षी तिथे पाणी भरतं हे ठाणेकरांना सांगायला नको. पुढे बस गेली की लाट बोनेटवर येते, आणि इंजिनला हवा जिथून मिळते ते तोंड बहुतेक गाड्यांत पुढेच, ग्रिलच्या मागे असतं. तिथून पाणी आत.

मिस्त्री आधी एअर फिल्टरचा डबा उघडतात. फिल्टर ओला निघाला की त्यांचा चेहरा बदलतो. मग प्लग काढतात, आणि हे बघा, प्लगच्या भोकातून पाणी. मग हेड. मग खालून चेंबर. अर्धा दिवस गेला यात, आम्ही सगळं शूट केलंय कारण हे गाडीवाल्याला कधी दाखवलंच जात नाही, त्याला डायरेक्ट एस्टिमेट दिसतं. पिस्टन वर येताना हवा दाबतो, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतं काय, तर हा रॉड. कनेक्टिंग रॉड. मिस्त्रींनी चांगला रॉड शेजारी धरलाय म्हणून फरक कळतो, वाक फार नाहीये, पण इंजिन गेलंय.

"दादा, बंद पडल्यावर सेल्फ मारला होता का?" मिस्त्री विचारतात. गाडीवाले म्हणतात, मारला ना, दोन-तीनदा, मागून हॉर्न वाजत होते.

हाच प्रश्न नंतर क्लेमसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर विचारतो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पुराने झालेलं नुकसान येतं, पण पाणी शिरलेलं असताना गाडी सुरू करायला गेलात आणि इंजिन फुटलं तर ते परिणामी नुकसान म्हणून बाजूला काढतात. ते कव्हर होतं इंजिन प्रोटेक्ट या ॲड-ऑनमध्ये, आणि त्याच्याही अटी वाचून घ्यायच्या. डोंगर आणि खाडीच्या मध्ये राहणाऱ्या माणसाने बाकीचे ॲड-ऑन हवे तर सोडावेत पण हे सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ॲड-ऑन असो नसो, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि टो करायची.

(दृश्य : ठाणे कोर्टाबाहेरचा रस्ता)

थर्ड पार्टी परवडतं की नाही हा प्रश्नच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे ते सक्तीचं आहे, नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि दुसऱ्या वेळी ४,००० रुपये दंड, कैदेचीही तरतूद आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या जूनमध्ये ३,४१६ रुपये ठरला. तुमच्या गाडीने कोणी गेलं किंवा जखमी झालं तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवतं तिला रकमेची मर्यादा नाही, आणि विमा नसेल तर ती मालकाने द्यायची, घर विकून का होईना.

ओन डॅमेजचं, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचं, मात्र ज्याने त्याने बघायचं. नवी गाडी, लोन चालू, तर घ्याच. पण आयडीव्ही दरवर्षी उतरतो, पाचव्या वर्षात तो निम्म्यावर येतो. गाडी बारा वर्षं जुनी आहे, आयडीव्ही लाखाच्या आसपास आलाय, वर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर निम्मा घसारा कापणार, आणि गाडी गेली तर तुम्ही दुसरी सेकंडहँड घेऊ शकता, अशा वेळी फक्त थर्ड पार्टीवर चालवली तरी मला त्यात काही चूक दिसत नाही. आणि बंपर घासला म्हणून क्लेम करू नका, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस असतो तो एका घासलेल्या बंपरपायी जातो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, गाडी विकली तरी नव्या गाडीला लावून घेता येतो, एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

(दृश्य : वाशी. ड्रोन शॉट, मिनी सीशोअर, धारण तलाव)

आता वरून बघा. हा वाशीचा मिनी सीशोअर, इथे सगळे संध्याकाळी फिरायला येतात, पण हे पाणी नुसतं शोभेचं नाही. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला स्थापन झाली आणि खाडीलगतची खाजणं भरून शहर वसवलं, त्यातला बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून हे धारण तलाव केले. भरती आली की खाडीकडच्या झडपा पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, शहरात पडलेला पाऊस तेवढा वेळ तलावात साठतो, ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. फार विचार करून केलेली व्यवस्था आहे ही. पण तलावांत गाळ साचलाय, त्या गाळात खारफुटी उगवलीय, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे त्यामुळे गाळ काढायला परवानग्या लागतात, आणि मोठा पाऊस व मोठी भरती एकत्र आली की तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

(दृश्य : सिडकोचं तळमजल्याचं घर. भिंतीवरची रेघ, फ्रीज, गाद्या)

ही रेघ पाण्याची आहे, स्विचबोर्डच्या बरोबर खाली.

काकांनी गाडीच्या पॉलिसीची फाईल काढून दाखवली आम्हाला, सगळ्या वर्षांचे कागद नीट लावलेले. घराचा विमा? "बँकेने लोनच्या वेळी काढलाय की." तो कागद काकूंनी शोधून आणला, वाचला, तो काकांच्या आयुष्याचा विमा निघाला, म्हणजे काकांना काही झालं तर लोन फिटेल एवढाच. घराचा नाही. हा घोळ घराघरात आहे, तुमच्याकडचा कागद आजच काढून बघा.

आणि यासाठीच हा व्हिडिओ करायला घेतला. दहा लाखाच्या गाडीचा विमा आपण न चुकता भरतो कारण पोलीस पकडतो, आणि आयुष्यभराचे हप्ते ज्या घरात गेलेत ते उघडं. लोक म्हणतात फ्लॅट एक-दीड कोटीचा, त्याचा प्रीमियम कोण भरणार? पण विमा जागेच्या भावाचा नसतो, जमीन काही वाहून जात नाही, विमा असतो परत बांधायच्या खर्चाचा. समजा ६०० चौरस फूट कार्पेट, बांधकाम ३,००० रुपये फुटाने धरलं, झाले १८ लाख. एवढ्याचा प्रीमियम वर्षाला हजार-दोन हजारांच्या घरात येतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी, म्हणजे गाडीच्या थर्ड पार्टीपेक्षाही कमी.

१ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना एकच पॉलिसी ठेवायला लावलीय, भारत गृह रक्षा. आग, स्फोट, म्हणजे सिलिंडरचाही, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत घरातलं सामान आपोआप धरलं जातं, सामानाची यादी द्यावी लागत नाही. एकदम दहा वर्षांपर्यंतची काढता येते. भाड्याने राहत असाल तर नुसत्या सामानाचीही काढता येते.

काय येत नाही तेही सांगायलाच हवं. स्लॅब गळतोय, प्लास्टर पडतंय, सळया गंजल्यात, हे जुन्या सिडकोच्या घरांचं रोजचं दुखणं यात येत नाही, कारण ती झीज आहे. साधी घरफोडी येत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. दागिने वेगळे लिहून घ्यावे लागतात. रोख रक्कम तर नाहीच.

(दृश्य : सोसायटीची मीटिंग, मेंटेनन्स बिल क्लोजअप)

मेंटेनन्स बिलात ही ओळ बघितलीत कधी? विमा आकार. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवायचाच असतो. या मीटिंगमध्ये एका ताईंनी विचारलं की आपल्या पॉलिसीत पूर आहे का आणि रक्कम किती आहे, तर पॉलिसी सापडायलाच वेळ लागला. मागून कोणीतरी म्हणालं, काही झालंच नाही तर पैसे फुकट ना. अहो, काही झालं नाही तर चांगलंच आहे, त्यासाठीच तर सगळी धडपड. सेक्रेटरीकडे कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे. इमारत नीट कव्हर असेल तर तुम्ही सामानाचा तेवढा काढा, नसेल तर स्वतःच्या फ्लॅटचा काढा आणि पुढच्या एजीएमला विषय घ्या.

(दृश्य : परत तळमजल्याचं घर, सर्व्हेअर फोटो काढताना)

पाणी ओसरलं की आपल्याला आधी घर धुवायची घाई असते. धुवा, पण त्याआधी त्या रेघेचा फोटो, भिजलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो, फ्रीज-टीव्हीच्या मागचा सीरियल नंबर, बिलं सापडली तर बिलं, आणि कंपनीला लगेच फोन करून क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली गादी भंगारवाल्याला देऊ नका. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागायचं, आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार द्यायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा.